मतदार चाळीस हजार, बूथ चाळीस: मॉडेल कोणतं लावाल?

१३ मे २०२३ ला कर्नाटकातल्या बहुतेक मतदारसंघांचे निकाल दुपारपर्यंत स्पष्ट झाले होते. जयनगरचा मात्र रात्री उशिरापर्यंत लटकला. फेरमोजणी झाली आणि भाजपचे सी. के. राममूर्ती काँग्रेसच्या सौम्या रेड्डींपेक्षा १६ मतांनी पुढे निघाले, ५७,७९७ विरुद्ध ५७,७८१. त्याआधीची निवडणूक उमेदवाराच्या निधनामुळे लांबून ११ जून २०१८ ला झाली होती; तीत सौम्या रेड्डी २,८८९ मतांनी निवडून आल्या होत्या. ज्या मतदारसंघात सोळा जणांवर आमदार ठरतो, तिथे "घरोघर जाऊन लोकांना मतदानाला बाहेर काढलं तर खरंच फरक पडतो का?" हा प्रश्न कुणालाही पडेल.

प्रश्नाचं उत्तर माणसागणिक एका अंकात मावतं. मतदान केलं, १. नाही केलं, ०. शेजारच्या रकान्यात बूथ क्रमांक, त्याशेजारी त्या बूथमध्ये कार्यकर्ते फिरले की नाही. एक्सेलची फाइल तयार होते आणि कुणीतरी त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन चालवून मोकळं होतं. हा लेख त्या 'कुणीतरी'साठी आहे. मतदानाऐवजी तुमच्याकडे 'बाळ दगावलं की नाही', 'मूल शाळेत आलं की नाही', 'रुग्ण औषध घेतो की नाही' असा रकाना असेल आणि बूथऐवजी गाव, शाळा किंवा वॉर्ड असेल, तरी पुढचं सगळं तसंच लागू पडतं.

अडचण अशी की एका बूथमधली माणसं एकमेकांपासून सुटी नसतात. जयनगर चौथ्या 'टी' ब्लॉकमधल्या जुन्या बंगल्यांचा रस्ता, गुरप्पनपाळ्यातली दाट वस्ती आणि सारक्कीतली नवी अपार्टमेंट्स एकाच मतदारसंघात येतात, पण तिथली मतदानाची सवय एक नाही. एका घरातली चार माणसं तर एकाच रिक्षात बसून मतदानाला जातात, नाहीतर चौघंही घरी बसतात. साधं लॉजिस्टिक रिग्रेशन मात्र प्रत्येक ओळीला स्वतंत्र साक्षीदार मानतं. चौघांनी एकच साक्ष पढवून घेतलेली असली तरी ते चार साक्षी मोजतं.

आधी आकडेमोड, मग मॉडेल

समजा, एका नागरिक गटानं चाळीस बूथ घेतले. चिठ्ठ्या टाकून वीस बूथांत घरोघर फिरायचं ठरवलं, वीस बूथ तसेच सोडले. प्रत्येक बूथमध्ये हजार मतदार धरू. न फिरलेल्या बूथांत ५५ टक्के मतदान झालं, फिरलेल्या बूथांत ५८ टक्के. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, कुठल्या प्रत्यक्ष मोहिमेचे नाहीत.

भोळ्या हिशेबानं दोन्हीकडे वीस-वीस हजार माणसं. तीन टक्क्यांच्या फरकाची प्रमाण त्रुटी अर्धा टक्का येते. फरक प्रमाण त्रुटीच्या सहापट, पी-व्हॅल्यू शून्याला टेकलेली, गटाच्या व्हॉट्सॲपवर पेढे.

आता एकाच बूथमधल्या दोघांची उत्तरं किती जुळतात, ते मोजणारा आकडा आणू. त्याला इंट्राक्लास कोरिलेशन म्हणतात. सगळे आयसीसीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. तो ०.०३ धरला. दिसायला अगदी किरकोळ. पण डिझाइन इफेक्टचं सूत्र असं: बूथमधल्या माणसांतून एक वजा करा, आयसीसीनं गुणा, एक मिळवा. ९९९ गुणिले ०.०३ अधिक १, म्हणजे सुमारे ३१. चाळीस हजारांना ३१ नं भागलं की हाती उरतात जेमतेम तेराशे माणसांच्या तोलाची माहिती. प्रमाण त्रुटी ३१ च्या वर्गमुळानं, म्हणजे साधारण साडेपाचपट वाढते आणि पावणेतीन टक्क्यांवर जाते. फरक तीन टक्के, त्रुटी पावणेतीन. ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल उणे अडीचपासून अधिक साडेआठपर्यंत पसरतो. मोहिमेनं मतदान वाढलंही असेल, घटलंही असेल. या माहितीवरून सांगता येत नाही. पेढे परत.

पहिली सूचना त्यामुळे ही: मॉडेलची नावं काढण्याआधी कागदावर डिझाइन इफेक्ट काढा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुष्कळदा निर्णय तिथेच होतो. दरवर्षी जास्त माणसं गोळा करण्याचा सोस असलेल्यांनी तर ते भिंतीवर लावावं. वरच्या उदाहरणात प्रत्येक बूथमध्ये हजाराऐवजी दोन हजार माणसं घेतली तरी त्रुटी जवळपास तिथेच राहते. बूथ चाळीसचे ऐंशी केले, तरच ती उतरते.

धाराशिवचा धडा उलटा आहे

डिझाइन इफेक्ट नेहमीच असा राक्षसी नसतो, हे सांगायला महाराष्ट्रातलंच एक खरं उदाहरण आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची एक मोठी चाचणी झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधल्या लिआँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था तीत होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया, पण चिठ्ठी टाकली ती स्त्रियांची नव्हे, गावांच्या ५२ समूहांची. प्रत्येकी १३ समूहांचे चार गट: एचपीव्ही चाचणी, पॅप तपासणी, ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथा नियंत्रण गट, ज्याला नेहमीची सेवा मिळाली. (या चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे बरीच नैतिक टीका झाली. ती रास्त आहे असं माझं मत आहे, पण आजचा विषय तो नाही.)

निकाल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. एचपीव्ही गटात ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगानं गेल्या, नियंत्रण गटात ३१,४८८ पैकी ६४. छापलेला हॅझर्ड रेशो ०.५२, इंटरव्हल ०.३३ ते ०.८३.

आता हेच आपण भोळेपणानं करून पाहू. ३४ भागिले ३४,१२६ आणि ६४ भागिले ३१,४८८, या दोन जोखमींचं गुणोत्तर ०.४९ येतं. समूहरचना न धरता हातानं काढलेला इंटरव्हल साधारण ०.३२ ते ०.७४. छापलेला इंटरव्हल याहून रुंद आहे, पण थोडासाच. दोन्हींच्या रुंदीवरून उलटं गणित केलं तर डिझाइन इफेक्ट जेमतेम १.२ च्या आसपास निघतो. हा अंदाज ढोबळ आहे, कारण त्यांनी काळ धरून हॅझर्ड रेशो काढला आणि मी नुसतं हो-नाही मोजलं. तरी चित्र स्पष्ट आहे. समूहात सरासरी अडीच हजार स्त्रिया असूनही फुगवटा पाव पटीच्या आत. मग आयसीसी किती असावा? दहा हजारात एकाएवढा.

कारण घटना दुर्मीळ आहे. हजारात एक-दोन मृत्यू असतील तर एकाच गावातल्या कुठल्याही दोन स्त्रियांचं उत्तर 'नाही' आणि 'नाही' असंच येणार, पण ते गावामुळे नव्हे. मतदान मात्र निम्मं-निम्मं घडतं, त्यात शेजार, जात, भाषा, बूथपर्यंतचं अंतर सगळं मिसळलेलं असतं. दुसऱ्याच्या अभ्यासातला आयसीसी उचलताना आधी हे बघा, की त्यांची घटना तुमच्याइतकी वारंवार घडणारी आहे का. कर्करोगाचा आयसीसी मतदानाला लावला तर तुमचा अभ्यास जन्मालाच कमकुवत येईल.

धाराशिवकडून आणखी एक गोष्ट घ्यावी. माणसांचा पाठपुरावा वर्षानुवर्षं होत असेल, कुणी मध्येच गाव सोडत असेल, तर 'हो-नाही' हा रकानाच पुरेसा नाही. 'कधी' हेही लागतं आणि तिथे हॅझर्डची मॉडेलं लागतात. हो-नाहीची मॉडेलं तिथेच वापरा जिथे सगळ्यांकडे एकाच मुदतीनंतर पाहिलं आहे. मतदानाचा दिवस त्या दृष्टीनं आदर्श. संध्याकाळी सहाला रकाना बंद होतो.

प्रश्न कुणाचा?

आता मॉडेल. मुख्य रस्ते दोन आहेत आणि त्यांतली निवड सॉफ्टवेअरच्या सोयीवर होऊ नये.

पहिला रस्ता जीईईचा, म्हणजे जनरलाइज्ड एस्टिमेटिंग इक्वेशन्सचा. कुंग-यी लियांग आणि स्कॉट झेगर यांनी १९८६ मध्ये तो मांडला. तो विचारतो: सगळ्या मतदारसंघात मोहीम झाली तर एकूण मतदान किती हलेल? सरासरीचा प्रश्न. महापालिकेला, आरोग्य खात्याला, देणगीदाराला बहुतेक वेळा हाच प्रश्न असतो. समूहातली माणसं एकमेकांशी कशी जुळतात याचा तुम्ही एक कामचलाऊ अंदाज देता, आणि तो चुकला तरी 'सँडविच' प्रमाण त्रुटी सांभाळून घेते. अट एकच, समूह पुरेसे हवेत.

दुसरा रस्ता मिक्स्ड मॉडेलचा. प्रत्येक बूथला स्वतःची एक पातळी असते, कुणाची वर, कुणाची खाली, आणि त्या पातळ्या एका घंटाकृती वक्रातून आल्या असं ते मानतं. ते विचारतं: *याच* बूथमध्ये, याच पातळीवर, मोहीम झाली आणि नाही झाली यांत फरक किती? डॉक्टरला समोरच्या रुग्णाबद्दल बोलायचं असतं, शिक्षिकेला याच वर्गाबद्दल. त्यांचा प्रश्न हा.

हो-नाहीच्या माहितीत या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी येतात आणि दोन्ही बरोबर असतात. उंची-वजनासारख्या मोजमापांत असं होत नाही, म्हणून तिथून आलेली मंडळी इथे गांगरतात. ढोबळ नियम असा: मिक्स्ड मॉडेलच्या गुणांकाला, म्हणजे ऑड्स रेशोच्या लॉगला, एका संख्येनं भागलं की जीईईचा गुणांक मिळतो. ती संख्या काढायची तर समूहांमधल्या व्हेरिअन्सला ०.३४६ नं गुणा, एक मिळवा, वर्गमूळ घ्या.

समूह म्हणजे बूथ असतील आणि व्हेरिअन्स ०.१ असेल, तर भाजक १.०२ येतो. मिक्स्ड म्हणा, जीईई म्हणा, उत्तर एकच. वाद घालायचं कारण नाही. पण समूह म्हणजे घर असेल, जिथे सगळे एकत्र जातात नाहीतर एकत्र राहतात, तर व्हेरिअन्स सहज ४ निघू शकतो. मग भाजक १.५४. मिक्स्ड मॉडेल ऑड्स रेशो ३ सांगेल तेव्हा जीईई सांगेल २.०४. एकाच फाइलमधून आलेले हे दोन आकडे दोन वेगळ्या अहवालांत गेले, की कुणीतरी "यांचं विश्लेषण चुकलं" म्हणून बोंब मारणार. कुणाचंही चुकलेलं नाही. फक्त आपण कुणाच्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते दोघांनीही लिहिलेलं नाही.

माझा कौल विचाराल तर असा. धोरणाचा प्रश्न असेल आणि समूह चाळीसच्या वर असतील तर जीईई घ्या, किंवा मिक्स्ड मॉडेल लावून त्यातून सरासरी जोखीम काढा. एकाच माणसाच्या वारंवार नोंदी असतील, किंवा समूहा-समूहातला फरक हाच तुमचा विषय असेल, तर मिक्स्ड. 'दोन्ही चालवले आणि ज्याची पी-व्हॅल्यू बरी आली ते छापलं' हा तिसरा रस्ता वापरात पुष्कळ आहे, तो नको.

आणि जे काही काढाल ते टक्क्यांत सांगा. ५५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर मतदान गेलं तर ऑड्स रेशो १.२३ येतो. तो वाचून बातमीदार "मतदानात २३ टक्क्यांनी वाढ" असा मथळा देतो. खरी वाढ पाच टक्के अंकांची, पटीत मोजाल तर १.०९. कर्करोगाच्या मृत्यूसारखी घटना दुर्मीळ असते तेव्हा ऑड्स रेशो आणि जोखमींचं गुणोत्तर जवळजवळ सारखेच येतात आणि हा घोळ होत नाही. मतदान, लसीकरण, शाळेतली हजेरी यांत तो होतोच. थेट गुणोत्तर हवं असेल तर सँडविच त्रुटी लावलेलं पॉइसाँ रिग्रेशन हा आडवळणाचा पण विश्वासू उपाय आहे. लॉजिस्टिकच ठेवायचं असेल तर मॉडेलमधून प्रत्येक माणसाची जोखीम दोनदा काढा, एकदा मोहीम धरून, एकदा न धरता, आणि सरासरी घेऊन वजाबाकी करा.

समूह थोडे असतील तर

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलनंच चालवलेली आणखी एक चाचणी आहे. दहावीपर्यंत शिकलेल्या स्थानिक आरोग्यसेविकांनी ॲसिटिक ॲसिड लावून तपासणी केली. एका बाजूला ७५,३६० स्त्रिया, दुसऱ्या बाजूला ७६,१७८. बारा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये छापलेल्या निकालानुसार गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दीड लाख स्त्रिया, पण समूह किती? वीस. इकडे दहा, तिकडे दहा.

इतक्या थोड्या समूहांत सँडविच प्रमाण त्रुटी स्वतःच खोटी, म्हणजे खऱ्यापेक्षा लहान येते. जीईई वापरायचंच असेल तर लहान नमुन्याची दुरुस्ती लावा. मँकल-डीरोवेन आणि कॉअरमन-कॅरोल या नावांनी त्या सॉफ्टवेअरमध्ये सापडतात. सामान्य वितरणाऐवजी टी-वितरण घ्या. दहा-दहा समूहांना स्वातंत्र्याच्या कोटी १८ मिळतात आणि १.९६ च्या जागी २.१० येतो.

याहून साधा उपाय मला जास्त आवडतो. प्रत्येक समूहाची टक्केवारी काढा, हाती वीस आकडे येतील, त्यांवर टी-टेस्ट करा. रिचर्ड हेज आणि लॉरेन्स मोल्टन हे या विषयातले जाणकारही एका बाजूला पंधरापेक्षा कमी समूह असतील तर याच बाजूला झुकतात. दीड लाख ओळींचे वीस आकडे करताना जिवावर येतं खरं, पण खरी माहिती होती तेवढीच. टी-टेस्टवरही भरवसा नसेल तर चिठ्ठ्या पुन्हा टाकून पाहा: वीसातून दहा समूह निवडण्याचे १,८४,७५६ मार्ग आहेत. प्रत्येक मार्गानं फरक किती आला असता ते संगणकाकडून काढून घ्या आणि तुमचा खरा फरक त्या रांगेत कितवा बसतो ते पाहा. यात कुठलाही वक्र गृहीत धरावा लागत नाही. अर्थात चिठ्ठी खरोखर टाकलेली असली पाहिजे. 'ओळखीचे बूथ इकडे, बाकीचे तिकडे' अशी वाटणी असेल तर कुठलंही मॉडेल तिला शुद्ध करू शकत नाही.

समूह वाढवता येत नसतील तर मागचा आकडा आणा. जयनगरसाठी हे सोपं आहे, कारण निवडणुकीचा फॉर्म २० बूथनिहाय मतं देतो आणि तो जाहीर असतो. ज्या बूथमध्ये मागच्या वेळी कमी मतदान झालं तिथे याही वेळी कमीच होण्याचा संभव. मागची टक्केवारी मॉडेलमध्ये घातली की बूथांमधला बराचसा फरक ती गिळते, आयसीसी घसरतो आणि इंटरव्हल आक्रसतो. याला खर्च शून्य. फक्त दोन निवडणुकांमध्ये बूथांच्या हद्दी बदललेल्या असतात, क्रमांक सरकलेले असतात. जुळवणी नकाशा आणि मतदारयादी घेऊन हातानंच करावी लागते.

फॉर्म २० वरून आणखी एक प्रश्न नेहमी येतो: माझ्याकडे माणसागणिक ओळी नाहीत, फक्त 'हजारातले ५६० आले' असं बूथगणिक आहे, मग काय करू? माणसाचं वय, लिंग असं काही मॉडेलमध्ये घालायचं नसेल तर काही बिघडत नाही. बूथगणिक बेरजांवर मिक्स्ड मॉडेल किंवा बीटा-बायनॉमिअल लावा. एकेका माणसाची ओळ असती तरी हेच उत्तर आलं असतं. वयाचा परिणाम मात्र बूथच्या सरासरी वयावरून काढू नका. म्हाताऱ्यांच्या बूथमध्ये मतदान जास्त दिसलं म्हणून म्हातारे जास्त मतदान करतात असं सिद्ध होत नाही. तिथले तरुणच जास्त गेलेले असू शकतात.

एका घरात

कधी प्रश्न समूहाच्या आतला असतो. एकाच घरात सून मतदानाला जाते आणि मुलगा जात नाही, तर याचा शिक्षणाशी संबंध आहे का? इथे घराघरातला फरक आपल्याला नकोच आहे. त्याला कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन. ते प्रत्येक घराची तुलना फक्त त्याच घराशी करतं, त्यामुळे घराची श्रीमंती, रस्ता, भाषा, सगळे न मोजलेले घटक आपोआप गळतात. किंमत अशी की ज्या घरात सगळे गेले किंवा कुणीच गेलं नाही, ती घरं हिशेबातून बाद होतात, आणि घरासाठी सारख्याच असलेल्या गोष्टीचा (कार्यकर्ता आला की नाही) परिणाम यातून निघत नाही.

काही जण याऐवजी प्रत्येक घराला एक डमी चल देऊन साधं लॉजिस्टिक चालवतात. घरात दोघंच असतील तर यातून गुणांक बरोब्बर दुप्पट फुगतो, म्हणजे खरा ऑड्स रेशो २ असेल तर ४ दिसतो. घरं कितीही हजार जमवा, ही चूक घटत नाही. बूथसारख्या मोठ्या समूहांना डमी चालतात, घराला नाही.

घर आणि बूथ दोन्ही असतील तर? मोहीम बूथला दिली होती, म्हणून प्रमाण त्रुटी बूथवर बांधा. बूथच्या पोटात घरं येतातच. वरच्या पातळीवर बांधलेली सँडविच त्रुटी खालची गाठ आपसूक धरते. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: चिठ्ठी ज्या पातळीवर टाकली, त्रुटी त्या पातळीवर.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. मिक्स्ड मॉडेलसाठीचं आर मधलं ग्लमर (glmer) मुळात लाप्लास पद्धतीनं अंदाज काढतं. मोठ्या बूथांना ते पुरतं; दोन-चार माणसांच्या घरांना पुरत नाही. तिथे क्वाड्रेचरचे बिंदू वाढवा, सात किंवा अकरा करा आणि उत्तर हलतं का बघा. हललं तर आणखी वाढवा. ग्लमरमध्ये ही सोय एकाच रँडम इंटरसेप्टला मिळते, घर आणि बूथ दोन्ही एकदम घातले तर नाही. तेव्हा स्टाटाचं मेलॉजिट किंवा बेझिअन पद्धत बघा. पीक्यूएल नावाची जुनी पद्धत हो-नाहीच्या छोट्या समूहांत व्हेरिअन्स कमी दाखवते, तिच्या वाटेला जाऊ नका. 'सिंग्युलर फिट' असा इशारा आला म्हणजे मॉडेलला बूथांमध्ये फरक सापडला नाही. फरक खरंच नसेल, किंवा समूह इतके थोडे असतील की तो मोजताच आला नाही. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी असते.

शेवटची सूचना बंद दारांची. जयनगरच्या जुन्या घरांत यादीत नाव असतं आणि माणूस अमेरिकेत असतो. सर्वेक्षणात अशी दारं उघडत नाहीत आणि ती यदृच्छेनं बंद नसतात. बंद दारामागचा माणूस बहुतेक मतदानालाही गेलेला नसतो. साधं जीईई अशा गळतीला फारच हळवं आहे. मिक्स्ड मॉडेल थोडं सोशिक, पण तेही फक्त जे दिसलं त्यावरून गळती समजावता येत असेल तरच. किती दारं बंद होती, कुठल्या बूथमध्ये, मोहीम झालेल्या बाजूला जास्त की कमी, हे आधी मोजून मग विश्लेषणाला बसा.

आणि अहवाल लिहाल तेव्हा तीन आकडे छापाच: समूह किती, समूहातली माणसं किमान किती नि कमाल किती, आणि आयसीसी. समूह-चाचण्यांसाठीची कॉन्सॉर्ट नियमावली २००४ पासून आयसीसी मागते आहे, तरी आपल्याकडच्या अनेक प्रबंधांत तो सापडत नाही. तुमच्या नंतर जो अशी मोहीम आखेल, त्याला किती बूथ लागतील हे त्याच एका आकड्यावरून ठरवावं लागेल. तो आकडा तुमच्या फाइलमध्ये पडून राहू देऊ नका.